दगडावरची तारीख

कासारवाडी, ७ ऑक्टोबर २०२४

प्रीतम,

सलाम. आधी नेहमीचं 'प्रभूमध्ये' लावलेलं नाही. विसरले नाही, सध्या तो शब्द हातून उतरत नाही, एवढंच. तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर एक टिक येते आणि तिथेच अडते, म्हणून शेवटी कागद घेतला. तुझ्या जुन्या कंपनीतला गणराज परवा नाशिक फाट्यावर बसची वाट बघताना भेटला. साणंदचा पत्ता त्याच्याकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस. मी रस्ता अडवूनच उभी होते, बिचारा देणार नाही तर जाणार कुठे?

कामाचं आधी सांगते. काल उपासनेनंतर सूचना झाल्या. कबरस्थान भरलंय. नवी जागा मागितली आहे, मिळेल तेव्हा मिळेल. तोवर लहान मुलांच्या रांगेतल्या कच्च्या कबरी, म्हणजे ज्यांच्यावर दगड नाही आणि ज्यांना सात वर्षं होऊन गेलीत, त्या गरज पडेल तशा उघडायच्या आणि दुसऱ्या मुलांना द्यायच्या. ज्यांची हरकत असेल त्यांनी नाताळाच्या आत लिहून द्यायचं, आई आणि बाप दोघांच्या सह्यांनी. नाहीतर होकार धरणार. हे सांगून पाळकसाहेबांनी लगेच पुढची सूचना वाचली, कॅरल पार्टीच्या सरावाची.

सुवीची कबर कच्ची आहे, ती का कच्ची आहे हेही तुला माहीत आहे. तुझंच खरं झालं. खूश?

पहिल्या वर्षदिनाला तू तो काळा दगड आणलास, 'सुवार्ता प्रीतम साळवे', जन्म, मृत्यू, खाली छोटा क्रूस. चांगला होता दगड. आजही चांगलाच आहे. मी बसवू दिला नाही, आणि अजूनही देणार नाही. आपली लेक थंडीतसुद्धा पांघरूण लाथेने उडवायची. रात्री चार वेळा उठून मी घालायचे आणि चार वेळा ती उडवायची. तिच्या अंगावर तेवढा दगड कसा ठेवू देऊ? तू म्हणालास, 'मार्था, वेड्यासारखं बोलू नकोस.' मग मी वेड्यासारखं बोलणंच बंद केलं, शहाण्यासारखंही बंद केलं, आणि तू गुजरातेत साणंदला बदली मागून घेतलीस.

दगड विमलबाईंच्या जिन्याखालीच आहे, पालथा. घरमालकीण म्हणून त्यांनी विचारलं, पाण्याचं पिंप ठेवू का त्याच्यावर? मी ठेवा म्हटलं. नाव खालच्या बाजूला आहे.

मला तुझ्याकडून दुसरं काही नको. 'आमची हरकत आहे' अशी एक ओळ आणि खाली सही. माझी मी करते.

मार्था


कासारवाडी, २७ ऑक्टोबर

प्रीतम,

पत्र मिळालं असेल. नसेल तर हेही मिळणार नाही, मग लिहायला भीती कसली?

आज उपासनेला गेले नाही. तडक कबरस्थानात गेले. मातीत हात घातला, नेहमीसारखा कोपरापर्यंत. तू दगड बसवला असतास तर मी काय त्याच्यावर हात फिरवत बसले असते? सदाफुली यंदा चांगली फुलली आहे. क्रुसाचं लाकूड मात्र खालून कुजलंय आणि तिच्या नावातला 'सु' पुसट झालाय. खड्डे खणणारे कोंडाजीमामा भेटले. म्हणाले, "पोरी, सही आन लवकर. मला कुदळ मारायला लावू नको तिथं. माझ्याच हातानं ठेवलीया मी तिला."

विमलबाईंना सगळं सांगितलं. त्या चकल्या पाडत होत्या. सोऱ्या हातातच राहिला त्यांच्या. "आमच्यात राख पान्यात सोडली की मोकळं. तुमच्यात ठिवायचं बी आन परत काढायचं बी. ह्याला काय अर्थ हाय का गं?" मी म्हटलं, आमच्यात ठेवायचंच असतं, काढणारा वेगळा असतो, तो शेवटच्या दिवशी येतो. त्या म्हणाल्या, "मंग ह्ये कमिटीवालं मधीच का येतंय?" मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं, म्हणून तुला कळवते.

संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. मी उपासनेला का नव्हते ते विचारायला आलो म्हणाले, पण आले होते कबरीसाठीच. चहा घेतला. मग सुरू झाले. माणसाचं आयुष्य म्हणजे काय, वाफ. सकाळी गवत, संध्याकाळी वाळलेलं. ही माती आपलं घर नाही, मार्थाबाई, आपण इथे पाहुणे. मी म्हटलं, साहेब, कुकरची वाफसुद्धा तीन शिट्ट्या करून जाते. माझ्या लेकीची एकच झाली. डेंग्यूच्या पाच दिवसांत गेली ती, चार वर्षांची होती. पाहुणी म्हणून आली होती तर निदान जेवून तरी जायची.

वाईट माणूस नाहीये तो. जाताना प्रार्थना करू का विचारलं. मी मान हलवली आणि डोळे उघडेच ठेवले. त्यांचे मोजे फाटलेले होते, अंगठ्याशी.

प्रीतम, मला एक भीती वाटते, ती तुलाच सांगता येईल. सगळे म्हणतात ती तिकडे सुखात आहे. असेल. मला तिकडचं काही दिसत नाही. मला दिसतो तो चार फुटांचा तुकडा, सदाफुली आणि नाव अर्धवट पुसलेला क्रूस. तेवढाही गेला की ती या जगात होती हे कशावरून? तू लांब गेलास. मी चाकणला वायरींचे गुच्छ बांधते, आठ तास, कधी ओव्हरटाइम. मी मेले की तिचा आवाज कसा होता हे कुणालाच माहीत नसणार. इतकं थोडं जगायचं असतं आणि तेही पुसून घ्यायचं असतं, हे कुणी आधी का सांगत नाही?

सही पाठव. नाहीतर घेऊनच ये.

मार्था


कासारवाडी, ९ नोव्हेंबर

आज कामावर गेले नाही. सही आली नाही. मी हो म्हणाले.

बाकी आज लिहिता येत नाही. हात धुतले तरी नखांत माती आहे.


कासारवाडी, १० नोव्हेंबर

प्रीतम,

काल सकाळी पाळकसाहेब आले, बरोबर सनी. तू त्याला ओळखत नाहीस. जालन्याकडचा आहे, चाकणला कंत्राटी कामगार, वर्षभरापासून आपल्या मंडळीत येतो, मागच्या बाकावर बसतो आणि गाणी पुस्तकात न बघता चुकीची म्हणतो. त्याच्या बायकोला, आम्रपालीला, बुधवारी मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच. शुक्रवारी रात्री गेली.

त्याच्या हातात एक खोका होता. पार्ट येतात तसला, पुठ्ठ्याचा. वर पांढरा टॉवेल गुंडाळलेला. मला आधी कळलंच नाही.

सकाळी उजाडल्यापासून तो मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून खोका मांडीवर घेऊन फिरत होता. एका ठिकाणी म्हणाले, आमच्या मंडळीचे सभासद आहात का? दुसरीकडे म्हणाले, जागा नाही. जिथे भाड्याने राहतो तिथला मालक, गोरक्ष नावाचा, म्हणाला होता, "आमच्यात बी तान्ही लेकरं पुरत्यात. वढ्याच्या कडंला जागा हाय, चल, मी खणून देतो." माणूस भला. पण आम्रपालीने दवाखान्यातून फोनवर विचारलं, तिथे क्रूस रोवता येईल का? तेवढ्यावर तोही गावाला विचारावं लागेल म्हणाला. मग सनी पाळकसाहेबांकडे गेला.

साहेब म्हणाले, "रांगेतल्या बाकीच्या सगळ्यांच्या हरकती आल्यात. तुमची अजून नाही. मुदत आहे, मला माहीत आहे. नाही म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही."

मी नाही म्हणाले. अगदी स्पष्ट म्हणाले. तुझी सही आलेली नाही हेही सांगितलं नाही, म्हटलं पत्र वाटेत आहे. मी खोटं बोलले, तुझ्या बाजूने.

सनीने मान हलवली. "व्हय ताई, बरोबर हाय तुमचं." बूट घालायला तो खाली वाकला आणि हातातला खोका त्याने जिन्याखाली टेकवला. तिथे पिंपाशेजारी दगडाची कड उघडी राहते ना, बरोबर तिच्यावर. जगात दुसरी जागाच नव्हती जशी.

मी ओरडले, "तिथे नको!"

त्याने घाबरून खोका उचलला. चोरी पकडल्यासारखा. एक बूट पायात, एक हातात, आणि खोका छातीशी. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "मग कुठं ठेवू, ताई?"

उलट नाही बोलला तो. खरंच विचारत होता. सकाळपासून हेच विचारत फिरत होता. प्रीतम, तुझ्याकडे उत्तर असतं तर तू दिलं असतंस का, मला माहीत नाही. मी चपला घातल्या आणि म्हटलं, चला.

कोंडाजीमामांनी मला आधी विचारलं, नक्की का? मग टोपी काढून ठेवली आणि कुदळ घेतली. सदाफुली मी आधीच मुळासकट काढून बाजूला ठेवली होती. ते म्हणाले, "पोरी, तू तिकडं आंब्याखाली बस. खाली बगू नको." मी बघणारच होते. आठ वर्षं मी त्या मातीशी बोलतेय, आता बघू नको म्हणतात!

आता जे लिहिते ते बसून वाच.

काही नव्हतं.

मी जीव मुठीत धरून उभी होते, की आता हाड दिसेल, आता केस दिसतील. खाली, आणखी खाली. काळी माती नुसती. मामा म्हणाले, लहान लेकरांचं या मातीत काही टिकत नाही. मग कुदळीला काहीतरी अडकलं. त्यांनी हाताने मोकळं केलं आणि मला वर दिलं.

फ्रॉकची झालर. तुझ्या बहिणीने नाताळासाठी शिवायला घेतलेला तो गुलाबी फ्रॉक, अर्धा शिवून झालेला, घाईघाईत हातशिलाई मारून सप्टेंबरातच घातला होता आपण तिला. सुती अस्तर गेलं, बटणंसुद्धा सापडली नाहीत. नायलॉनची जाळी जशीच्या तशी. माती झटकली तर गुलाबी. मीटरभर जाळी, पिंपरीच्या बाजारात घेतलेली. तिला काही झालं नव्हतं.

म्हणजे आठ वर्षं मी कुणाशी बोलत होते? हात कोपरापर्यंत कुठे घालत होते? पाळकसाहेबांना मी वाफेवरून टोमणा मारला होता, आणि ते समोर उभे होते, मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, म्हणजे त्यांनाही एवढं खरं निघेल असं वाटलं नसावं. व्यासपीठावरून बोलणं वेगळं असतं.

जाळी मी परत दिली. रीत आहे म्हणे, जुन्याचं जे निघेल ते खाली, त्यावर थोडी माती, त्यावर नवीन. मामांनी ती हाताने नीट पसरली, गादीवर चादर घालतात तशी. तिच्यावर सनीची मुलगी. साहेबांनी मातीला माती म्हटलं. गाणं सनीनेच सुरू केलं, चुकीचे शब्द, आणि आम्ही तिघं त्याच्यामागे तेच चुकीचे शब्द म्हणत गेलो.

माझी प्रार्थना अजून होत नाही. करायला बसते आणि डोळ्यांसमोर जाळी येते.

तू दगड बसवला असतास तर आत हेच असतं, फक्त मला कळलं नसतं. ते बरं होतं का? तू सांग.

मार्था


कासारवाडी, ८ डिसेंबर

प्रीतम,

आज हे पत्र लिहिणार नव्हते. तीन पत्रं आणि एक चिठ्ठी गेली, तुझं एक अक्षर नाही, मलाही थोडा मान आहे. पण एक गोष्ट कळवणं भाग आहे, नाहीतर तू कधी आलास तर घोटाळा होईल.

आज उपासनेनंतर आम्रपाली भेटली. पहिल्यांदाच. एवढीशी मुलगी आहे रे, वीस-एकवीसची, हिरवी साडी, अंगावर दूध फुटल्याचा डाग लपवायला पदर पुढे घेतलेला. माझे दोन्ही हात धरले. मग म्हणाली, "ताई, क्रूस करायचाय. पण तिचं नावच न्हाई ठिवलं. बारसं न्हाई की बाप्तिस्मा न्हाई, तेवढा येळच कुठं भेटला. पेंटर म्हणतो, नावाबिगर काय लिहू?"

मी म्हटलं, ठेव की आता एखादं.

"तुमच्या लेकीचं काय व्हतं?"

मी सांगितलं.

ती म्हणाली, "सुवार्ता." आणि पुन्हा एकदा, जरा हळू, "सुवार्ता." तोंडात बसतंय का बघावं तसं. मग माझ्याकडे बघितलं. विचारायची तिला हिंमत होईना आणि मला कळत होतं ती काय विचारणार आहे.

मनात आलं ते खरं सांगते. मनात आलं, जागा घेतलीत, फ्रॉक घेतलात, आता नावही? तोंडावर आलं होतं अगदी. तिच्या ओल्या पदराकडे बघितलं आणि म्हटलं, ठेव.

माझा शब्द परत घ्यायचा म्हटलं तरी आता घेता येणार नाही. पेंटर बाहेरच उभा होता. संध्याकाळी मी जाऊन आले. जुना क्रूस मामांनी काढून घेतला, हातात घेताच खालून मोडला म्हणे. नव्याचं लाकूड चांगलं आहे. पांढऱ्यावर काळी अक्षरं, 'सु' अगदी ठळक. खाली तारखा. जन्म ६ नोव्हेंबर २०२४, मृत्यू ८ नोव्हेंबर २०२४.

म्हणून लिहिते. तू आलास, रांगेत तिसरा क्रूस शोधलास, तर नाव तेच दिसेल आणि तारीख चुकलेली वाटेल. पेंटरला शोधत जाऊ नकोस. चुकलेली नाही. ती दुसरीची आहे.

आपलीची तारीख आता तिथे कुठेच नाही.

पाळकसाहेब म्हणाले, शेवटच्या दिवशी प्रभू प्रत्येकाला नावाने हाक मारणार. चांगलं आहे. मारली तर दोघी उठतील, एकाच खड्ड्यातून. मोठी धाकटीला कडेवर घेईल, तिला हौस होती. माझा विश्वास तेवढाच उरलाय. मला तर पुढच्या रविवारपर्यंतचंही काही दिसत नाही.

विमलबाईंनी आज आपणहून पिंप हलवलं. मी काही बोलले नव्हते. म्हणाल्या, "नळाला आता रोज पानी येतंय, कशाला पायजे पिंप." नळाला पाणी एक दिवसाआडच येतं, प्रीतम. दगड आता उघडा पडलाय, पालथा, पिंपाचा गोल डाग पडलेला. त्याच्या खालच्या बाजूला तिचं नाव आहे, आणि तिची तारीख. बरोबर तारीख आता तेवढीच आहे, जिन्याखाली, अंधारात, जमिनीकडे तोंड करून.

मी आज तो सरळ करून बघायला गेले. बसून दोन्ही हातांनी लावला जोर. जागचा हलला नाही.

मला तो एकटीला उचलवत नाही. ये.

मार्था